दुबूचे दिवस

दक्षिण कोरियात घरातलं कुत्रं गेलं की कायद्याने तीनच रस्ते असतात. घरी गेलं असेल तर महापालिकेच्या विकतच्या कचऱ्याच्या पिशवीत घालायचं, गाठ मारायची आणि कचऱ्याच्या वारी खाली नेऊन ठेवायचं. व्हेटकडे गेलं आणि तिथेच सोडून आलात तर सुया, बँडेज आणि रक्ताच्या बोळ्यांसोबत मेडिकल वेस्ट म्हणून त्याची विल्हेवाट लागते. तिसरा रस्ता म्हणजे सरकारी नोंदणी असलेलं प्राण्यांचं फ्युनरल होम. पुरायचं नाही, डोंगरात नाही आणि स्वतःच्या जागेत पण नाही, कारण कचऱ्याच्या कायद्यात मेलेलं कुत्रं हा कचरा आहे आणि कचरा कुठेही पुरला तर दंड होतो.

या विकतच्या पिशव्या इथे १९९५ पासून देशभर आहेत. जितका कचरा तितके पैसे असा हिशोब, त्यामुळे प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात त्यांची घडी असतेच. आमच्याही सिंकखाली होती, वीस लिटरची. आमच्या कुत्र्याचं, दुबूचं वजन तीन किलोच्या आसपास. शेवटच्या काही महिन्यांत मी सिंकखालचं कपाट उघडलं की ती घडी दिसायची आणि पोटात कालवायचं, शेवटी मी तिची जागाच बदलली, वॉशिंग मशीनच्या मागे नेऊन ठेवली.

आणि हाच तो देश जिथे कुत्र्यांना बाबागाडीत बसवून फिरवतात. २०२३ मध्ये जीमार्केट या इथल्या मोठ्या ऑनलाइन दुकानात बाळांच्या गाड्यांपेक्षा कुत्र्यांच्या गाड्या जास्त खपल्या, त्याची भरपूर बातमी झाली होती. त्याच वर्षी इथला जननदर बाईमागे सरासरी ०.७२ मुलांवर आला होता, म्हणून मग पेपरवाल्यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले आणि लोक बोलायला मोकळे झाले की बघा, पोरं नकोत यांना, कुत्री हवीत. मला हे बोलणं अजिबात पटत नाही. इथे घरांचे भाव, ट्यूशनचा खर्च, ऑफिसचे तास याच्यामुळे मुलं होत नाहीयेत, त्यात त्या गाडीत बसलेल्या म्हाताऱ्या पूडलचा काय दोष? मी सोलजवळच्या सुवॉनमध्ये राहते, संध्याकाळी ओढ्याकाठी फिरायला गेलं की त्या गाड्यांमध्ये बहुतेक म्हातारी कुत्री असतात, ज्यांच्याने चालवत नाही पण वारा खायचाय. दुबूलाही शेवटी आम्ही तशीच गाडी घेतली.

दुबू म्हणजे कोरियन भाषेत टोफू. इथे कुत्र्या-मांजरांना खायच्या पदार्थांची नावं ठेवतात, तसं केलं की ते जास्त जगतं अशी समजूत आहे. आम्हाला तो शेल्टरमधून मिळाला, पांढराशुभ्र माल्टीज, उतारवयाचा. सापडलेल्या कुत्र्याची जाहिरात लागते, दहा दिवसांत कोणी मालक आला नाही तर ते महापालिकेच्या मालकीचं होतं आणि कोणी दत्तक नाही घेतलं तर पुढे इंजेक्शन. दुबूचा मालक आला नव्हता. आईने कराडहून व्हिडिओ कॉलवर त्याला पाहिलं आणि पहिल्या दिवसापासून ती त्याला दुब्या म्हणायला लागली.

त्याला हार्टचा आजार होता, मायट्रल व्हॉल्व्हचा. माल्टीजमध्ये म्हातारपणी हे फार होतं. झडप नीट मिटत नाही, रक्त उलटं मागे येतं, हार्ट मोठं होत जातं आणि एक दिवस फुप्फुसात पाणी भरतं. व्हेटने आम्हाला शिकवलं होतं की तो झोपला की छातीकडे बघून मिनिटाला किती श्वास घेतो ते मोजायचं, तीसच्या वर जायला लागलं की लगेच घेऊन या. त्यामुळे आमच्या घरात रात्री कोणाला जाग आली की पहिलं काम तेच, मोबाईलचा टायमर लावायचा आणि अंधारात मोजत बसायचं. लघवीचं औषध, हार्टचं औषध, दोन्ही रताळ्याच्या गोळ्यात घालून. शेवटी भाड्याने ऑक्सिजनची पेटी आणली, इथे ती घरपोच मिळते, काचेच्या कपाटासारखी, एका बाजूला मशीन घुरघुरत असतं. तो आत पडून आमच्याकडे बघायचा आणि आम्ही बाहेर जमिनीवर.

जानेवारीच्या कडाक्यात, मध्यरात्र उलटून गेल्यावर तो गेला. घरीच, नवऱ्याच्या मांडीवर.

आता मला जे सांगायचंय ते इथून पुढचं आहे. माणूस गेलं की आपल्याकडे काय होतं? आजोबा गेले तेव्हा मी लहान होते पण मला नीट आठवतंय, गल्लीतले दोन जाणते आले आणि त्यांनी घर ताब्यात घेतलं. तू गोवऱ्या बघ, तू मडकं आण, पोरांना शेजारी पाठवा, तोंडात तुळशीचं पान ठेवलं का? घरच्यांनी काही ठरवायचं नसतं, फक्त सांगतील ते करायचं असतं. आणि त्या करण्यातच पहिले काही तास जातात, जे तास नुसतं बसून काढणं कोणाच्याच आवाक्यातलं नसतं. कुत्र्याच्या वेळी असं कोणी येत नाही. कुत्र्याचं सुतक नसतं. माझ्या लहानपणी आमचा मोत्या गेला तेव्हा काकांनी त्याला पोत्यात घालून नदीकडे नेलं आणि संध्याकाळी घरात त्याचा विषयसुद्धा निघाला नाही, मी रात्री आजीला विचारलं तर ती म्हणाली, झोप आता. कोणी दुष्ट नव्हतं त्यात. काय बोलायचं, काय करायचं, याची काही रीतच नव्हती, एवढंच.

त्या रात्री मी फ्युनरल होमचा नंबर लावला. बहुतेक ठिकाणी रात्रभर फोन उचलतात. पलीकडच्या माणसाने आधी दुबूचं नाव विचारलं, मग वजन, आणि मग एक एक गोष्ट सांगायला लागला, हळूहळू, माझं कोरियन तुटकं आहे हे लक्षात आल्यावर आणखी हळू. खाली पॅड पसरा, अंगातून पाणी येईल, घाबरू नका. डोकं थोडं उंच राहील असं टॉवेलची घडी ठेवा. पापण्या बोटाने अलगद मिटवा, नाही मिटल्या तर राहू द्या. बर्फाचे पॅक कपड्यात गुंडाळून पोटापाशी ठेवा, घरातलं हीटिंग बंद करा. घाई नाही, एक-दोन दिवस काही होत नाही, आजची रात्र बाळासोबत राहा. इथे ते कुत्र्याला बाळच म्हणतात, ‘आइ’, म्हणजे मूल. मी फोन स्पीकरवर ठेवला होता आणि तो सांगेल तसं नवरा करत होता. मग आमचं आम्ही एक केलं, आईने पाठवलेली वाळलेली तुळशीची पानं डब्यात होती (कुंडीतली तुळस इथल्या थंडीत टिकत नाही), त्यातलं एक पाण्यात भिजवून त्याच्या जिभेवर ठेवलं. कोरियातल्या मजल्यांना खालून हीटिंग असतं, ते बंद केल्यावर फरशी गार होत गेली आणि आम्ही दोघं स्वेटर-मोजे घालून त्याच्या दोन बाजूंना बसून राहिलो.

तो फोनवरचा माणूस म्हणजे आमच्या गल्लीतला जाणता होता. मला त्याचं नावही माहीत नाही.

सोल एवढं मोठं शहर, पण तिथे प्राण्यांचं एकही स्मशान नाही. कुठेही प्रस्ताव आला की आसपासचे रहिवासी बॅनर लावतात, धूर येईल, भाव पडतील, म्हणून सगळी फ्युनरल होम्स बाहेर ग्योंगी प्रांतात, डोंगराच्या कुशीत, गोदामांच्या आणि नर्सरींच्या मागे. आम्ही सुवॉनचे म्हणून त्यातल्या त्यात जवळ. योंगिनच्या बाजूला गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगाला डोंगरउतारावर बर्फात कोरियन माणसांच्या गोल गोल समाध्या दिसत होत्या, गवताच्या उंचवट्यासारख्या. इथले डोंगर असल्या समाध्यांनी भरलेले आहेत. आणि दुबू माझ्या मांडीवर त्याच्या निळ्या ब्लँकेटमध्ये, आणि त्याला त्या डोंगरात जागा नाही.

तिथे एक तरुण मुलगी होती, प्राण्यांची फ्युनरल डायरेक्टर, काळा सूट, पांढरे हातमोजे. तिने दोन्ही हात पुढे करून त्याला घेतलं, जसं आपण दुसऱ्याचं झोपलेलं मूल घेतो तसं, मान सांभाळून. आम्हाला आत येऊ दिलं. टेबलावर कापड, त्यावर तो. मग तिने त्याला पुसायला सुरुवात केली आणि प्रत्येक वेळी त्याला सांगून. दुबू-या (इथे लाडाने हाक मारताना नावाला ‘या’ जोडतात), आता तोंड पुसते हं. दुबू-या, आता पाय. माल्टीजच्या डोळ्यांखाली अश्रूंचे तपकिरी डाग पडतात, कितीही वाइप्स वापरले तरी जात नाहीत, मी वर्षानुवर्षं ते पुसत आले होते. ती ओल्या कापसाने ते डाग पुसत राहिली, एक बोळा झाला की दुसरा, कुठलीही घाई नाही, आणि ते गेले नाहीतच पण डाग ओले होऊन केस मऊ झाले आणि तो आंघोळ घातल्यावर दिसायचा तसा दिसायला लागला. पुढच्या पायावर सलाईनसाठी केस काढले होते तिथे गुलाबी कातडी दिसत होती. तिथे ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, खूप सोसलं ना याने. तेव्हा मी रडले. त्याआधी नव्हते रडले.

मग सांबे, म्हणजे हेम्पचं जाडंभरडं पिवळसर कापड. कोरियात माणसांचं कफन याच कापडाचं असतं आणि कुत्र्यांसाठी आता त्याचेच छोटे छोटे अंगरखे शिवतात, नाडीने बांधायचे. पूर्वी इथे घरातल्या म्हाताऱ्यांसाठी हे कफन आधीच शिवून ठेवायचे आणि ते शिवायचं युनदालमध्ये, म्हणजे चांद्र पंचांगात जो जास्तीचा महिना येतो त्यात, आपला अधिक महिनाच म्हणा ना. आपण त्यात जावयाला अनारसे देतो, हे लोक त्यात कफन शिवतात, समाध्या हलवतात, कारण त्या महिन्यात भुताखेतांचं लक्ष नसतं असं मानतात.

त्यानंतर एका छोट्या खोलीत त्याला फुलांमध्ये ठेवलं, समोर स्क्रीनवर त्याचे फोटो, उदबत्ती, मेणबत्ती. माणसाच्या कोरियन फ्युनरलला मी ऑफिसच्या लोकांबरोबर गेले आहे, हॉस्पिटलच्याच तळघरात हॉल असतो, तीन दिवस चालतं, फोटोला काळी रिबन, आलेला माणूस गुडघे टेकून दोनदा जमिनीपर्यंत वाकतो, पांढऱ्या पाकिटात पैसे देतो आणि मग तिखट लाल सूप खाऊन जातो. इथे त्यातलं निम्मं होतं आणि निम्मं नव्हतं. फोटो होता, उदबत्ती होती, पण दोनदा वाकणं मी कुठे पाहिलं नाही. शेजारच्या खोलीत एक कॉलेजातलं पोरगं एकटंच आलं होतं, ते नुसतं उभं होतं आणि मध्येच पुढे होऊन खोक्यावर हात ठेवत होतं. लोकांनी माणसांच्या रीतींमधून जे हाताला लागलं ते उचललं आणि बाकीचं अजून ठरतंय. कोणी धर्मगुरूने हे सांगितलेलं नाही, सरकारने तर नाहीच, सरकारच्या लेखी तो कचरा. दुःख झालेल्या माणसांनीच आपल्यापुरती रीत जमवत आणली आहे, आणि ते माझ्यासमोर घडताना मी पाहत होते.

एक गोष्ट मला खटकली आणि ती सांगायलाच हवी. पुसून-गुंडाळून झालं की कॅटलॉग येतो. साधी पेटी की चांगल्या लाकडाची, कुठला अंगरखा, अस्थींचा कलश कुठला, की अस्थी वितळवून त्याचे गुळगुळीत खडे करायचे. पावसाळ्याच्या दमट हवेत अस्थींना बुरशी येऊ शकते हे आवर्जून सांगतात, ते खोटं नाही, पण ते कधी सांगतात तर डोळ्यांत पाणी असताना. मूळ दर वजनावर असतो आणि तो फोनवर ठरलेला असतो, वरचं सगळं तिथे वाढतं. अशा वेळी कोण नाही म्हणेल, आपल्या लेकराला स्वस्तातलं द्या म्हणून? नवऱ्याने शांतपणे सांगितलं, साधा कलश, बाकी काही नको, आणि त्यांनी मुकाट ऐकलं. या वरच्या गोष्टींचे दर त्यांनी आधीच लेखी देऊन टाकावेत, म्हणजे रडणाऱ्या माणसाला हिशोब करावा लागणार नाही.

भट्टी काचेतून बघता येते. आम्ही बघितली. लहान कुत्र्याला तासभरसुद्धा लागत नाही. नंतर तिने ट्रेमधल्या अस्थी दाखवल्या, हा कणा, हा जबडा, आणि तो अख्खा दुबू एवढासा होता.

ऑफिसात कोरियन मंडळींना घरच्या मृत्यूसाठी वेगळी रजा असते, आई-वडील, आजी-आजोबा, सगळ्यांचे दिवस ठरलेले. त्यात कुत्रं नाही. काही कंपन्या आता एक दिवस द्यायला लागल्यात, आमची नाही. मी माझी वार्षिक रजा टाकली आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहिलं. टीम लीडर बाई पन्नाशीच्या, कडक म्हणून प्रसिद्ध, त्यांनी लगेच मंजूर केली आणि काकाओटॉकवर, म्हणजे इथल्या मेसेजच्या ॲपवर, एक ओळ पाठवली की दुबू इंद्रधनुष्याच्या पुलावरून नीट पलीकडे गेला असेल. प्राणी गेला की तो हा पूल ओलांडतो, इथे सगळेच असं म्हणतात. एका ज्युनियर मुलीने माझ्या टेबलावर पांढरं पाकीट ठेवलं होतं. कुत्र्यासाठी पाकीट द्यायचं की नाही यावर कोरियन लोकांमध्येच जोरात वाद आहे, कोणी म्हणतं हे अति झालं, कोणी म्हणतं मित्राचं दुःख ते दुःख. ती मुलगी मला म्हणाली की तिच्या मांजराचं तिने मठात ४९ दिवसांचं केलं होतं. बौद्ध लोक दर सात दिवसांनी असं सात आठवडे करतात, मग आत्मा पुढच्या जन्माला जातो, आणि काही मठ आता प्राण्यांसाठी पण ही पूजा करतात, मांजराचा फोटो समोर ठेवून भिक्षूंनी मंत्र म्हटले. मी पाकीट घेतलं. नको म्हटलं असतं तर तिचा अपमान झाला असता.

मला सगळ्यात जास्त आधार दिला तो मात्र आमच्या मजल्यावरच्या हाल्मोनीने, म्हणजे आजीने, आणि तिचा या सगळ्याला विरोध होता. ऐंशीच्या घरातली बाई, मूळची ज्योल्ला प्रांतातल्या इमसिलकडची. ती मला कायम ‘दुबू ओम्मा’ म्हणायची, दुबूची आई, इथे आईला मुलाच्या नावानेच हाक मारतात. लिफ्टमध्ये तिने विचारलं, मी सांगितलं, फोटो दाखवले, तर सांबेच्या अंगरख्याकडे बघून तिने तोंड वाकडं केलं. म्हणाली, आमच्या वेळी माणसांना मिळत नव्हतं हे. आणि निघून गेली. मला वाईट वाटलं, पण संध्याकाळी ती दारात उभी, हातात भोपळ्याची खीर घेऊन, होबाकजुक, पिवळीधमक, गरम. आपल्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, बरोबर आहे, दुसरं काय करणार माणूस.

मग ती बसली आणि तिने तिच्या नुरंगीची गोष्ट सांगितली. नुरंगी म्हणजे पिवळं गावठी कुत्रं, अंगणात बांधलेलं, घरातलं उष्टं खाणारं. कुत्री विकत घेणारा माणूस सायकलवर पिंजरा लावून गावोगाव फिरायचा, कुत्री विकत घेऊ, कुत्री विकत घेऊ, असं ओरडत. तिच्या वडिलांनी नुरंगी विकला. ती अंगणातल्या सोया सॉसच्या रांजणांमागे लपून रडत होती आणि आईने येऊन तिला दटावलं की त्या पैशांतून तुझी फी भरायची आहे. ती मला म्हणाली, फी भरली, मी शाळेत गेले, लिहायला वाचायला शिकले, वडिलांवर माझा राग नाही. थोडं थांबून म्हणाली, पण रडू द्यायला पाहिजे होतं.

कराडला किंवा पुण्याला गेले की मला पहिला प्रश्न हाच असतो, तिकडे कुत्री खातात ना गं? हो, खायचे. उन्हाळ्याच्या बोकनालच्या तीन दिवसांत खास खायचे, गरिबीत ते मांस होतं. आता तरुण पिढीत जवळजवळ कोणी खात नाही, आणि ९ जानेवारी २०२४ ला संसदेने बंदीचा कायदा केला, बाजूने २०८ मतं, विरोधात एकही नाही. फार्म आणि हॉटेलवाल्यांना धंदा बदलायला तीन वर्षं दिली, फेब्रुवारी २०२७ पासून शिक्षा लागू. पण त्या एका वाक्यात अख्ख्या कोरियन माणसाला बसवू नका, एवढंच माझं म्हणणं आहे. ज्या बाईचा नुरंगी सायकलवर गेला तीच बाई माझ्या दुबूसाठी खीर घेऊन आली, आणि दोन्ही एकाच आयुष्यात.

तिच्याच गावाकडची एक जुनी गोष्ट आहे, ओसूच्या कुत्र्याची. तेराव्या शतकातल्या एका संग्रहात नोंदलेली. किम गे-इन नावाचा माणूस दारू पिऊन गवतात झोपला, रानाला आग लागली, त्याचं कुत्रं ओढ्यात जाऊन अंग भिजवून यायचं आणि मालकाभोवतीच्या गवतात लोळायचं, परत जायचं, परत यायचं, शेवटी मालक वाचला आणि कुत्रं दमून मेलं. त्याने कुत्र्याला पुरलं, त्यावर आपली काठी रोवली आणि तिला पालवी फुटून झाड झालं, त्या झाडावरून गावाचं नाव ओसू पडलं. आपल्याला ऐकताना रायगडावरचा वाघ्या आठवतो, त्याच्या खरेखोटेपणावर आपल्याकडे केवढे वाद. त्याच ओसूमध्ये २०२१ साली प्राण्यांसाठी देशातलं पहिलं सरकारी फ्युनरल होम उघडलं. हाल्मोनीला ते माहीत नव्हतं. मी मोबाईलवर दाखवलं तर तिने चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, आमच्या ओसूत? आमच्या ओसूत हे आहे?

न्याय मंत्रालयाने २०२१ मध्ये दिवाणी कायद्यात एक वाक्य घालायचा प्रस्ताव आणला होता की प्राणी ही वस्तू नाही. एकच वाक्य. संसदेची मुदत संपली आणि ते तसंच बारगळलं. मला वाटतं ते वाक्य कधीतरी येईलच, लोक पुढे गेलेत, कायदा मागे राहिलाय.

आईने फोनवर सांगितलं होतं, दहाव्याला घास ठेव. मी म्हटलं आई, कुत्र्याचं असतं का असलं काही? ती म्हणाली, श्राद्धाला कुत्र्याचा घास काढतोच ना आपण, दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात, मग त्याच्यासाठी एक घास ठेवायला कोणाची परवानगी लागते? सुवॉनला हिवाळ्यात कावळ्यांची काही कमी नसते. दरवर्षी थंडीत उत्तरेकडून कावळ्यांचे हजारोंचे थवे शहरात येतात, संध्याकाळी विजेच्या तारांवर ओळीने बसतात, खालच्या गाड्या घाण होतात म्हणून महापालिकेला खास माणसं लावावी लागतात. कोरियन लोकांना कावळा अशुभ आणि मॅगपाय हा काळा-पांढरा पक्षी शुभ, मॅगपाय सकाळी ओरडला तर पाहुणा येतो म्हणतात, आपल्याकडे हेच काम कावळ्याचं. पण हे कावळे दिवसा शेतांकडे जातात आणि मी सकाळी गेले होते, ओढ्याकाठी, रताळं आणि उकडलेलं चिकन घेऊन, दुबूचं आवडतं. एका सपाट दगडावर ठेवलं आणि लांब उभी राहिले. बऱ्याच वेळाने एक मॅगपाय आला, आधी इकडेतिकडे उड्या मारल्या आणि मग रताळं घेऊन गेला. मी आईला घाबरतच सांगितलं की कावळा नाही आला. ती म्हणाली, अगं चालतंय की, कावळ्याचाच भाऊबंद तो. मग मी तिला सांगितलं की इथे थंडीत पर्सिमनच्या झाडावरची शेंड्याची फळं तोडत नाहीत, मॅगपायसाठी ठेवतात. तिला ते फार आवडलं, दुसऱ्या दिवशी तिने ते अख्ख्या भिशी मंडळाला सांगितलं.

कोरियात राहणाऱ्या आणि घरात म्हातारं कुत्रं-मांजर असणाऱ्या मराठी मंडळींसाठी थोडं लिहिते, कारण ऐनवेळी काही सुचत नाही. फ्युनरल होम आधीच बघून ठेवा, सरकारी यादीत नाव आहे ना ते तपासा, गाडीत भट्टी घेऊन फिरणारे बेकायदा लोक पण असतात. फोनवरच विचारा की आमचा प्राणी एकटाच जाळणार ना, आम्हाला बघता येईल ना, वजनाप्रमाणे एकूण किती, आणि हे मेसेजवर मागून घ्या. फ्रीजरमध्ये दोन-तीन बर्फाचे पॅक कायम ठेवा. तिथून निघताना दहनाचा दाखला मागून घ्या. आणि कुत्र्याची सरकारी नोंदणी असते तिचं विसरू नका, गेल्यापासून तीस दिवसांत कळवावं लागतं, नाही तर दंड होतो. ऑनलाइन होतं, मालकाच्या नावाने लॉगिन करायचं, नोंदणी नंबर टाकायचा आणि यादीतून ‘मृत्यू’ निवडायचं. मला ते बटण दाबवेना, नवऱ्याने दाबलं. जमल्यास हे एकट्याने करू नका. सुवॉन, योंगिन, दोंगतान या बाजूला कोणी असेल आणि सोबत यायला माणूस नसेल, भाषेची अडचण असेल, तर मला बिनधास्त कळवा, रात्री-अपरात्री असलं तरी, मी येईन.